उतारशाळेत जागा आहे का?

डिसेंबर उजाडला की शेजारच्या बायका मला हमखास विचारतात, "काय वहिनी, तुमची दिवाळी आली ना जवळ?" मला या प्रश्नाचा कधीच राग येत नाही. आमच्यासारख्या मराठी ख्रिस्ती घरांत नाताळाच्या आधी जे चालतं ते दिवाळीपेक्षा फारसं वेगळं नसतंच. घराची झाडलोट, पडदे धुणं, मुलांचे कपडे, करंज्या, शंकरपाळे, चिवडा आणि जमलेच तर अनारसे! केकही असतो, पण आमच्या भागात तो पाहुणा म्हणून आला आणि राहिला. करंजी मात्र घरचीच. दारावर कागदाची चांदणी लावायची, संडे स्कूलच्या मुलांचं नाटक बसवायचं आणि रात्री थंडीत मफलर गुंडाळून घरोघर गाणी म्हणत फिरायचं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी रचलेली गाणी आजही आमच्याकडे पेटी-तबल्यावर म्हटली जातात. 'नाताळ' हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, पण आमच्या स्वयंपाकघरात हा सण मराठीच बोलतो.

या सगळ्या गडबडीत एक गोष्ट मात्र राहून जाते. ज्या घटनेसाठी हा खटाटोप करायचा, तिच्याकडे बघायला घरातल्या बाईला वेळच उरत नाही. चोवीस तारखेच्या रात्री उपासनेला जाऊन बसावं तर मनात एकच विचार, चकली मऊ तर पडली नसेल ना? म्हणून यंदा मैत्रिणींनो, करंजीचं सारण थोडा वेळ झाकून ठेवा आणि माझ्याबरोबर ती गोष्ट पुन्हा ऐका. ज्या मैत्रिणी ख्रिस्ती नाहीत त्यांनीही ऐका, कारण ही गोष्ट एका बाईची आहे.

रोमन बादशहाचा हुकूम निघाला की सगळ्यांनी आपापल्या मूळ गावी जाऊन नावनिशी करावी. म्हणजे आजच्या भाषेत शिरगणती! नासरेथ गावात राहणारा योसेफ नावाचा सुतार आणि त्याची मरीया हे दोघं त्यासाठी बेथलेहेमला निघाले. सुमारे दीडशे किलोमीटरची वाट. मरीयेचे दिवस भरत आले होते. सरकारी हुकुमाला बाईचे दिवस कुठे दिसतात? बेथलेहेमला पोचले तर गाव माणसांनी भरलेलं. मराठी बायबलमध्ये 'उतारशाळा' असा छान शब्द आहे. त्या उतारशाळेत त्यांना जागा मिळाली नाही. बाळ जन्मलं आणि त्याला गव्हाणीत निजवावं लागलं. पुढे हेरोद राजा बाळाच्या जिवावर उठला, तेव्हा रातोरात त्या ओल्या बाळंतिणीला घेऊन योसेफ मिसर देशात, म्हणजे इजिप्तला पळाला. पहिल्या नाताळात ना रोषणाई होती ना मेजवानी. होती ती वणवण.

आपण मात्र ही गोष्ट ग्रीटिंग कार्डावरच्या बर्फात नेऊन ठेवली आहे. कापसाचा बर्फ, घंटा बांधलेली हरणं आणि लाल डगल्यातला सांताक्लॉज. मुलांना मजा वाटते, वाटू दे. पण बेथलेहेम युरोपात नाही, अमेरिकेत नाही, ते आपल्याच आशिया खंडाच्या पश्चिम टोकाला आहे. मरीया ही दूरची कुणी मडम नव्हे. विहिरीचं पाणी भरणारी, उन्हातान्हात चालणारी आशियातली बाई होती ती. हे एकदा मनात बसलं ना, की रात्री टीव्हीवर आशियातल्या बातम्या लागतात तेव्हा 'हे तिकडचं' असं म्हणून चॅनेल बदलता येत नाही.

आता खुद्द बेथलेहेमचंच बघा. जेरुसलेमपासून जेमतेम आठ-दहा किलोमीटरवर असलेलं हे गाव पॅलेस्टाइनच्या वेस्ट बँक भागात आहे. तिथलं जन्माचं चर्च सहाव्या शतकापासून उभं आहे. त्याचा दरवाजा जेमतेम चार फूट उंच. राजा असो की रंक, वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. या गावात नाताळ तीनदा येतो. पंचवीस डिसेंबरला कॅथलिक आणि प्रोटेस्टंटांचा, सात जानेवारीला ऑर्थोडॉक्स मंडळींचा आणि पुढे जानेवारीतच आर्मेनियन लोकांचा. गावाचं पोट यात्रेकरूंवर चालतं. ऑलिव्हच्या लाकडाच्या कोरीव मूर्ती, हॉटेलं, खाणावळी, बायकांचं भरतकाम, सगळं येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या भरवशावर. पंढरपूर किंवा शिर्डीत राहणाऱ्या मैत्रिणींना हे वेगळं समजावून सांगायला नको.

७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने इस्रायलवर हल्ला केला. सुमारे बाराशे माणसं मारली गेली, अडीचशेच्या आसपास लोकांना ओलीस नेलं. त्यानंतर गाझात जे युद्ध पेटलं त्यात हजारो बायका-मुलं मेली. त्या वर्षी बेथलेहेमच्या चर्चप्रमुखांनी आणि नगरपालिकेने ठरवलं की गावात रोषणाई करायची नाही, चौकात झाड उभारायचं नाही, फक्त प्रार्थना करायची. तिथल्या ल्युथरन चर्चमध्ये तर गव्हाणीच्या जागी दगड-विटांचा ढिगारा मांडला होता आणि त्या ढिगाऱ्यात बाळ येशूची मूर्ती ठेवली होती. २०२४ लाही चौक अंधाराच राहिला. ऑक्टोबर २०२५ मध्ये गाझात युद्धविराम झाला आणि त्या डिसेंबरात, दोन वर्षांनी, बेथलेहेमच्या चौकात झाडावर पुन्हा दिवे लागले.

२०२३ च्या त्या डिसेंबरात आमच्या मंडळीच्या महिला संघात यावरून चांगलाच वाद झाला होता. एकीचं म्हणणं, "जिथं येशू जन्मला तिथंच अंधार, मग आपण कशाला लायटिंग करायची?" दुसरी म्हणाली, "मुलं वर्षभर वाट बघतात, त्यांचा काय दोष? आणि आपण दिवे लावले नाहीत म्हणून तिकडची लढाई थांबणार आहे का?" तिसरीने तर सरळ सांगितलं, "बायांनो, चर्चमध्ये राजकारण नको." मला विचाराल तर पहिल्या दोघींचं म्हणणं खरं होतं. सुतकात गोडधोड करत नाहीत, ही रीत आपल्या हाडात मुरलेली आहे आणि तिच्यात माया आहे. लेकरांच्या तोंडचा सण काढून घेऊ नये, यातही मायाच आहे. बेथलेहेमच्या लोकांनी दोन्ही केलं. दोन वर्षं दिवे लावले नाहीत आणि तिसऱ्या वर्षी, सगळे प्रश्न सुटलेले नसतानाही, लावले. पण तिसरीचं म्हणणं मला पटत नाही. बादशहाचा हुकूम, भरलेलं गाव, राजाच्या भीतीने पळालेलं कुटुंब, हे सगळं ज्या गोष्टीत आहे ती ऐकताना बाहेरच्या जगाकडे पाठ कशी करायची?

गाझात पवित्र कुटुंबाच्या नावाचं एक कॅथलिक चर्च आहे. युद्धाच्या काळात काही शे माणसं त्याच्या आवारात जीव मुठीत धरून राहिली. पोप फ्रान्सिस २०२३ च्या ऑक्टोबरपासून जवळजवळ रोज संध्याकाळी तिथे फोन करायचे. एवढा मोठा धर्मगुरू, फोनवर काय बोलत असेल? तर कसे आहात आणि आज काय जेवलात, असं विचारायचे. २१ एप्रिल २०२५ ला ते गेले, त्याच्या दोनच दिवस आधीपर्यंत हा फोन चालू होता. पुढे जुलै २०२५ मध्ये त्याच चर्चवर इस्रायली तोफगोळा पडला आणि तिघांचा जीव गेला. ही बातमी वाचली तेव्हा मला मोठमोठे ठराव आठवले नाहीत, तो जेवणाचा प्रश्न आठवला. दूरगावी असलेल्या लेकीला आपण तरी दुसरं काय विचारतो?

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. आपल्या धर्माच्या माणसांवर संकट आलं की आपण हळहळतो आणि दुसऱ्यांचं आलं की पान उलटतो, अशी खोड सगळ्याच धर्मांच्या लोकांना असते, आम्हालाही आहे. गाझातले ख्रिस्ती मूठभर, मेलेली बहुतेक माणसं मुसलमान. ओलिसांच्या आया ज्यू. यातल्या कुठल्या आईचं दुःख आपण मोजायचं आणि कुठल्या आईचं नाही? इराकचं उदाहरण घ्या. ऑगस्ट २०१४ मध्ये इसिसचे लोक आले तेव्हा मोसुलजवळच्या काराकोश गावातली हजारो ख्रिस्ती कुटुंबं रातोरात अंगावरच्या कपड्यांनिशी पळाली. त्याच महिन्यात यझिदी बायकांवर जे अत्याचार झाले ते तर लिहवत नाहीत. पण त्याच इराकच्या संसदेने, जिथे बहुसंख्य सभासद मुसलमान आहेत, डिसेंबर २०२० मध्ये नाताळाची सुट्टी सगळ्या देशाला दरवर्षीसाठी जाहीर केली. दोन्ही गोष्टी एकाच देशातल्या. मुलांना सांगताना आपण दोन्ही सांगायला हव्यात.

आणि फार लांब कशाला जायचं? शेजारच्या म्यानमारमध्ये २०२१ साली ऐन नाताळाच्या आदल्या दिवशी कायाह प्रांतात तीसहून जास्त माणसं मारून जाळण्यात आली, त्यात बायका-मुलंही होती. आपल्या मणिपूरमध्ये मे २०२३ पासून मैतेई आणि कुकी अशा दोन्ही बाजूंची साठ हजारांच्या आसपास माणसं घरादाराला मुकली. मदतछावणीत पडदा लावून केलेल्या चार हातांच्या खोलीत कुणी नाताळ काढला, कुणी दिवाळी. उतारशाळेत जागा नसणं ही दोन हजार वर्षांपूर्वीची गोष्ट राहिलेली नाही.

पण माणूस काही फक्त युद्धामुळेच घराबाहेर पडत नाही. पोटासाठीही पडतो. आशियात ख्रिस्ती लोकांचा सगळ्यात मोठा देश फिलिपिन्स. तिथे नाताळाची गाणी सप्टेंबरपासूनच वाजायला लागतात. सोळा ते चोवीस डिसेंबर असे नऊ दिवस लोक पहाटे अंधारात उठून मिस्साला जातात. आपल्या काकड आरतीसारखंच म्हणा ना! दारोदार बांबू आणि कागदाच्या चांदण्या, अगदी आमच्या दारावर असतात तशा. एवढा हौशी सण, पण घराघरात कुणीतरी नसतंच. १९७४ पासून त्या देशाने आपली माणसं परदेशी कामाला पाठवण्याचं धोरणच ठेवलं. आज सुमारे वीस लाख फिलिपिनो बाहेर कामाला आहेत आणि त्यात निम्म्याहून जास्त बायका आहेत. हाँगकाँगला, दुबईला, रियाधला दुसऱ्यांची मुलं सांभाळायची आणि स्वतःच्या मुलांसाठी खाऊ, कपडे, साबण असं सगळं भरून मोठं खोकं घरी पाठवायचं. त्या खोक्याची वाट बघणं हाच तिथल्या कितीतरी मुलांचा नाताळ.

हे मला कळतं, कारण आमच्या घरातही एक ताट रिकामं असतं. माझी नणंद मिरजेला नर्सिंग शिकली आणि गेली अकरा वर्षं कुवेतला नोकरी करते. तिच्या पैशावर दीर शिकले, घराला स्लॅब पडला, सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. नाताळला तिला सुट्टी मिळतेच असं नाही. पंचवीस तारखेला दुपारी सासूबाई फोन समोर ठेवून बसतात. व्हिडिओ कॉल लागला की त्या पडद्यासमोर करंजी धरतात आणि म्हणतात, "घे गं, खा." घरात सगळे हसतात. मला हसू येत नाही. ज्या बाईच्या कमाईवर घराचा सण उभा राहतो तीच सणाला घरात नसते. मग ती केरळची नर्स असो, मनिलाची आया असो की आमची नणंद.

आता आपल्या अंगणात येऊ. आमच्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, नाताळ येतो तो नेमका साखर कारखान्यांच्या गळीत हंगामात. बीड आणि आसपासच्या भागांतून ऊसतोडीची कुटुंबं दिवाळीच्या आगेमागे उचल घेऊन येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परत जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. हिशेबात बाई वेगळी धरतच नाहीत. तो तोडतो, ती मोळ्या बांधते, डोक्यावरून ट्रॉलीत चढवते, रात्री-अपरात्री गाडी भरायला उठते आणि पहाटे चूलही तीच पेटवते. काही बायका पोटुश्या असतानाच येतात. खाडा झाला तर पैसे कापले जातात, म्हणून अखेरपर्यंत फडात असतात.

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात आम्ही महिला संघाच्या सहाजणी एका फडावर स्वेटर आणि फराळ घेऊन गेलो होतो. एका कोपीत चार दिवसांची बाळंतीण होती. वय असेल वीस-एकवीस. कळा सुरू झाल्यावर नवऱ्याने तिला मोटरसायकलवरून जवळच्या एका दवाखान्यात नेलं होतं. तिथे कार्ड मागितलं. कार्ड गावाकडे राहिलं होतं. मोठ्या दवाखान्यात जा म्हणाले. तिकडे जायला गाडी नाही, खिशात पैसे नाहीत. परत आले आणि सासूने कोपीतच बाळंतपण केलं. बाळ उसाच्या वाढ्यांवर गोधडी टाकून निजवलं होतं. आमच्यातल्या एकीने तिला विचारलं, "भीती नाही का वाटली गं?" ती म्हणाली, "भ्याव वाटून कुठं जायाचं, बाई?"

वाढे म्हणजे जनावरांचं वैरण. गव्हाणीत तरी दुसरं काय असतं? त्या दिवशी आमच्यापैकी कुणी प्रवचन दिलं नाही, देण्याची गरजही नव्हती. संघाची गाडी होतीच, तिच्यातून बाळ-बाळंतिणीला तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात नेलं. दोघंही सुखरूप राहिली. पण प्रत्येक वेळी गाडी कुठून येणार? पोटुशा बाईला कार्डावाचून परत पाठवणारा माणूस मनाने वाईट असेलच असं नाही, कदाचित तो फक्त नियम बघत असेल. उतारशाळेच्या मालकाचंही तेच झालं असणार. त्याने कुणाला मारलं नाही की शिवी दिली नाही, जागा नाही एवढंच सांगितलं. दाराशी आलेल्या बाईकडे नीट न बघता 'जागा नाही' म्हणायची सवय लागली, की घर असो, दवाखाना असो की देश, सगळ्यांचं सारखंच होतं.

"आपण चूल-मूल बघणाऱ्या बायका, आपण काय करणार?" हा प्रश्न मला नेहमी ऐकू येतो. त्यांना मी पंडिता रमाबाईंची आठवण करून देते. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने हाडांचे सापळे झालेल्या शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या. केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं ते याच मुलींसाठी. जागा पुरेल का, पैसे कुठून येतील, याचा हिशेब पूर्ण व्हायची त्यांनी वाट बघितली नाही. याच रमाबाईंनी पुढे मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांतून सगळं बायबल मराठीत आणलं. धर्म कागदावर उतरवायच्या आधी त्यांनी तो अंगणात उतरवला होता.

आपण रमाबाई नाही, हे कबूल. पण आपल्यालाही जमण्यासारखं पुष्कळ आहे. फराळ दोन किलो कमी करा आणि त्या पैशातून एका बाळंतिणीला डिंकाचे लाडू आणि बाळाला दुपटं द्या. गावाजवळ ऊसतोडीच्या कोप्या पडल्या असतील तर आशाताईंना सोबत घेऊन तिथे एक चक्कर मारा, पोटुश्या किती आहेत ते विचारा, त्यांचं कार्ड इथे चालवून घेण्यासाठी आरोग्य केंद्रात चारजणी मिळून जा. एकटीला उत्तर मिळत नाही, चारजणींना मिळतं, हा माझा नेहमीचा अनुभव. बातम्यांत बेथलेहेम, मोसुल, इंफाळ अशी नावं आली की नकाशा काढा आणि मुलांना ती गावं कुठे आहेत ते दाखवा. परदेशी असलेल्या लेकी-सुनांना सणाच्या दिवशी पैशाचं विचारू नका, आधी जेवलीस का ते विचारा.

आणि घरातल्या पुरुषांसाठी एकच निरोप. चोवीस तारखेची संध्याकाळ स्वयंपाकघर तुम्ही सांभाळा. योसेफाने परक्या गावात, बायामाणसांची सोबत नसताना मरीयेसाठी काय काय केलं असेल, याचा जरा विचार करा. तुमच्या घरच्या मरीयेला एक दिवस शांतपणे उपासनेत बसू द्या.

यंदा दारावर चांदणी लावताना मी मुलांना एवढंच सांगणार आहे की ही चांदणी शोभेसाठी नाही. रात्री रस्त्यावर असणाऱ्या माणसाला कळावं, या घरात विचारलं तर चालेल, म्हणून ती लावायची. सगळ्या मैत्रिणींना नाताळाच्या मनापासून शुभेच्छा. फराळाला या, आणि येताना सोबत कुणाला आणायचं असेल तर खुशाल आणा. आमच्याकडे जागा आहे.